ओबरफेल्सनची लोकसंख्या

ओबरफेल्सन हे ऑस्ट्रियातलं एक भिकार खेडं आहे आणि माझा जन्म तिथे झाला, यात माझा काडीचाही दोष नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एक काळ असा होता की कॅलिफोर्नियात सनीव्हेलमधल्या निम्म्या मराठी मंडळींना माझ्या आडनावापेक्षा माझं जन्मगाव जास्त पाठ होतं. मी नीलांबरी. तेव्हा वय बत्तीस, एका चिप कंपनीत टेस्टिंगचं काम, एच-वन व्हिसा, आणि नावावर एक मोडलेलं लग्न, तेही उण्यापुऱ्या अकरा महिन्यांचं. लग्नाच्या बाजारात असला माल कुठल्या फळीवर ठेवतात ते तुम्हाला माहीत आहे.

बाबा सांगलीजवळ एका पंपांच्या कंपनीत इंजिनिअर होते. १९७३ साली कंपनीनं त्यांना वर्षभरासाठी ऑस्ट्रियात ट्रेनिंगला पाठवलं, एका टर्बाइनच्या कारखान्यात. आई हट्टानं बरोबर गेली. कारखान्याच्या गावात खोली मिळेना, म्हणून आठ किलोमीटर वर डोंगरात, ओबरफेल्सनला, होफरबाईंच्या घराची माडी घेतली. फेब्रुवारीत बर्फ एवढा पडला की खाली हॉस्पिटलकडे जायचा रस्ता बंद झाला आणि नेमक्या त्याच दिवशी आईला कळा सुरू झाल्या. होफरबाई गोठ्यातून वर आल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि मला बाहेर काढलं. सुईण दोन तासांनी स्कीवरून घसरत पोचली, नाळ बघितली, कॉफी प्यायली आणि गेली. म्हणजे होफरबाईंचा गाई-वासरांचा अनुभव माझ्या कामी आला. तीन महिन्यांची झाल्यावर मला सांगलीला आणलं. त्या गावातलं मला काही आठवत नाही आणि आठवावं असं तिथे काही असेल असं मला तेव्हा वाटतही नव्हतं.

पुढे मला शाळेत घालताना कारकुनानं जन्मस्थळ विचारलं. बाबांनी छाती फुगवून ओबरफेल्सन सांगितलं. कारकुनानं पेन उचललं, थांबला आणि म्हणाला, "तालुका?" बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सांगली लिहा." झालं. शाळेच्या दाखल्यावर सांगली, दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवर सांगली. ओबरफेल्सन उरलं फक्त एका कागदावर, माझ्या पत्रिकेत. पत्रिका करणाऱ्या गुरुजींना अक्षांश-रेखांश लागतात, ते बाबांनी ॲटलास उघडून स्वतः मोजून दिले होते.

आता ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल दोन शब्द, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अमेरिकेत नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची रांग जन्माच्या देशाप्रमाणे लागते. प्रत्येक देशाला सारखाच कोटा. भारतातून येतात लाखो, त्यामुळे आपली रांग मारुतीच्या शेपटीसारखी. ऑस्ट्रियातून इथे येतो कोण, त्यामुळे तिथे जन्मलेल्याला रांगच नाही. आणि नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म असल्या देशातला असला, तर दोघंही त्या रिकाम्या रांगेतून आत. नागरिकत्व कुठलं, वाढलात कुठे, याला किंमत शून्य. पहिला ट्यांहा कुठल्या मातीवर केलात तेवढं विचारतात.

२००६ ची दिवाळी. इशिताच्या घरी पॉटलक होता. इशिता माझी ऑफिसमधली मैत्रीण. हॉलमध्ये तिचा नवरा गुरुनाथ आणि बाकीचे पुरुष बसून प्रायॉरिटी डेटबद्दल बोलत होते. प्रायॉरिटी डेट म्हणजे रांगेतला तुमचा नंबर. ही माणसं दुसरं काही बोलतच नसत. कधीकाळी यांनी पुस्तकं वाचली असतील, कुणाच्या तरी घरासमोरून उगाच सायकली फिरवल्या असतील. आता दर महिन्याला सरकार तारखांचा एक तक्ता काढायचं आणि तो वाचून हे महिनाभर सुतकात बसायचे. मला उबग आला होता. मी ताटात भात वाढून घेता घेता म्हटलं, "माझा तर जन्मच ऑस्ट्रियातला, मला काय लागू होतं देव जाणे."

गुरुनाथनं ताट खाली ठेवलं. "कुठे जन्म?"

"ऑस्ट्रिया. एक खेडं आहे."

मग इशिता मला स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेली आणि म्हणाली, "यार, तू तीन वर्षं हे बोलली का नाहीस?"

मला कुणी विचारलंच नव्हतं. त्याआधीची तीन वर्षं ह्याच लोकांनी मला घटस्फोटित म्हणून हळदीकुंकवाला सुद्धा जपून बोलावलं होतं. आता आठवड्याभरात तीन स्थळं आली. एकानं फोनवर माझं नाव विचारायच्या आधी जन्म घरचा की हॉस्पिटलमधला ते विचारलं. दुसऱ्यानं वकिलाला कॉन्फरन्सवर घेतलं होतं. तिसरा शंतनू.

शंतनू पस्तिशीचा, मूळचा पुण्याचा, दिसायला बरा, सीनिअर इंजिनिअर. त्याचा नंबर २००४ चा आणि रांग २००१ वर रुतलेली. त्याची आई, शैलजाकाकू, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, पण मुदत वाढवावी लागली तरी मुलाचं लग्न जमवल्याशिवाय परत जायचं नाही असं ठरवून आल्या होत्या. त्यांनी पहिल्या भेटीतच पत्रिका मागितली. मला मंगळ आहे, आणि साधासुधा नाही. पहिल्या लग्नाच्या वेळी त्याच्यासाठी शांत करून झाली होती, तिचा काय उपयोग झाला ते दिसतंच आहे. मी मुकाट्यानं पत्रिका दिली आणि आता काकूंचं बोट कुंडलीवर कुठे थांबतं ते बघत बसले. बोट कुंडलीवर गेलंच नाही. ते थेट वरच्या ओळीत जन्मस्थळावर गेलं. काकूंनी चष्मा लावून ते नाव अक्षर अक्षर लावून वाचलं.

"मंगळ आहे हं काकू," मीच म्हटलं.

"असू दे गं. आजकाल कोण मानतं मंगळ-बिंगळ?"

पुण्याच्या बाईनं इतक्या सहज मंगळ सोडलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

पुढच्या शनिवारी शंतनूनं कॉफीला बोलावलं आणि बसल्या बसल्या लॅपटॉप उघडला. त्यानं ओबरफेल्सनवर बावीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन केलं होतं. खोटं सांगत नाही, बावीस. इंटरव्ह्यूला ऑफिसर काहीही विचारू शकतो, आपली तयारी हवी, असं त्याचं म्हणणं. तीन भाग पाडले होते: भूगोल, इतिहास आणि लोक.

भूगोल असा की गाव समुद्रसपाटीपासून आठशे चाळीस मीटरवर, मधून एक ओढा जातो, एकसष्ट टक्के जमिनीवर जंगल आणि उरलेल्यावर गवत. इतिहास असा की जुन्या काळी तिथून मिठाच्या गाड्या जायच्या, म्हणजे गाड्या जायच्या, थांबायच्या नाहीत. मग १८३४ ला आग लागली, त्यात चर्च सोडून सगळं जळालं. मग गावानं आग विझवणारं स्वयंसेवकांचं पथक काढलं आणि त्यानंतर तिथे आग लागलेली नाही, त्यामुळे पथक दरवर्षी नुसतीच मिरवणूक काढतं. १९३८ ते १९४५ या सालांवर, म्हणजे हिटलरच्या काळावर, एकही ओळ नव्हती. मी म्हटलं, "मधली सात वर्षं कुठे गेली?" तो म्हणाला, "वेबसाइटवर नाहीयेत." नसणारच. आपल्याला नको ते कारकुनाला लिहू द्यायचं नाही हे सांगलीला जमतं तसं ओबरफेल्सनलाही जमत असणार. लढाईत मेलेल्यांच्या नावांचा दगड मात्र होता, त्याचा फोटो स्लाइड चौदावर होता आणि त्यावर होफर हे आडनाव चारदा होतं.

लोक किती, तर सहाशे चौदा. त्यातले एकतीस जण बँडमध्ये. एक म्हातारा कुठल्याशा स्की स्पर्धेत आठवा आला होता, त्याच्या नावानं रस्ता आहे. आठवा आला म्हणून रस्ता. सांगलीला आमच्या गल्लीत गणपतीच्या आरतीला सहाशे चौदापेक्षा जास्त माणसं असतात आणि त्यातल्या कुणाच्याही नावानं साधी मोरी नाही.

"इंटरेस्टिंग आहे ना?" शंतनूनं विचारलं.

"माझ्याबद्दल एखादी स्लाइड आहे का?"

तो हसला. त्याचं हसू चांगलं होतं, तिथेच घोटाळा झाला.

कारण पुढे मला तो आवडायला लागला. हे सांगायची लाज वाटते, पण सांगितलं नाही तर मग बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीत मला फ्लू झाला तेव्हा तो चार दिवस ऑफिसमधून थेट माझ्याकडे यायचा, मऊ भात करायचा, त्यावर मेतकूट आणि तूप घालून समोर बसायचा आणि मी खाल्ल्याशिवाय हलायचा नाही. माझ्या वाढदिवसाला त्यानं मला ताहोच्या डोंगरात नेलं, बर्फात उभं केलं आणि म्हणाला, "बघ, अशीच आली असशील तू." गाडीत परत येताना तो मोठ्यानं आणि बेसूर गात होता. पहिल्या नवऱ्यानं अकरा महिन्यांत माझ्यासाठी साधं पाणी उकळलं नव्हतं. मी स्वतःला बजावायची की बये, हे सगळं त्या जन्मगावासाठी चाललंय. आणि मग वाटायचं, मेतकूट सुद्धा? वकिलानं मेतकूट तर सांगितलं नसेल ना त्याला?

एवढाच प्रश्न होता. ह्याला मी हवी आहे की ओबरफेल्सन. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

शंतनूच्या वकीलबाईनं पत्रिकेचं इंग्रजी भाषांतर वाचलं आणि हे मेडिकल रेकॉर्ड आहे का असं विचारलं. पासपोर्टवरची सांगली खोडायची तर ओबरफेल्सनच्या ग्रामपंचायतीचा जन्मदाखला लागणार होता. शंतनूनं मार्चमध्ये पत्राचा मसुदा केला, मी सही केली. लग्न ऑगस्टमध्ये करायचं असंही ठरलं. एप्रिलमध्ये उत्तर आलं, एक परिच्छेद: त्या तारखेला नीलांबरी नावाच्या मुलीच्या जन्माची नोंद आमच्याकडे नाही.

शंतनूचा चेहरा पडला. "तुझ्या आईला नक्की आठवतंय ना?" त्यानं विचारलं, जणू बाळंतपण कुणाचं झालं यातच शंका होती. शैलजाकाकू दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या.

मी आईला फोन लावला. आई, पद्मजाबाई, सांगलीत पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, कधी शब्दाला अडलेली नाही. ती अडखळली. मग म्हणाली, "अगं, तुझं बारसं व्हायचं होतं."

"मग?"

"तिथे आठवड्याच्या आत नोंद करायची म्हणाले, आणि नाव लागतंच म्हणाले. आता आत्याबाईंनी कानात सांगितल्याशिवाय नाव ठेवायचं कसं? बाबांनी तिथल्या माणसाला समजावलं, तर तो म्हणाला, मला नाव द्या. शेवटी होफरबाई म्हणाल्या, तात्पुरतं माझं लावा."

"आई, माझं नाव काय आहे?"

"योहाना," आई म्हणाली. "तुझ्या आजीला कधी सांगितलं नाही. बाटवली म्हणाली असती. घरी आल्यावर रीतसर बारसं केलं, आणि त्या कागदाचं पुढे मी मनातून काढूनच टाकलं."

तेहेतीस वर्षं माझी आई एक अख्खं नाव पोटात घालून बसली होती. मी फोन ठेवला आणि बराच वेळ हसले. शंतनूला सांगितलं तर त्याला हसू आलं नाही. तो म्हणाला, "नेम मिसमॅच. ॲफिडेव्हिट लागेल." मी ऑस्ट्रियाला दुसरं पत्र पाठवलं.

उत्तर जूनच्या मध्यावर आलं, जाड पाकिटातून. आत शिक्क्याचा दाखला होता: मुलगी, योहाना, आईबाबांची नावं जर्मन वळणानं पण बरोबर, जन्मस्थळ ओबरफेल्सन, घर क्रमांक एकोणीस. बरोबर पंचायतीतल्या कारकूनबाईचं इंग्रजीतलं पत्र होतं. तिनं लिहिलं होतं की योहाना होफर आता एक्याण्णव वर्षांच्या आहेत, अजून एकोणीस नंबरातच राहतात, आणि तुमच्याबद्दल सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारायला सांगितला आहे. ती मुलगी अजून उजव्या कुशीवरच झोपते का? डावीकडे वळवली की रडायची.

मी उजव्या कुशीवर झोपते. हे जगात फक्त मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. मी अपार्टमेंटच्या टपालपेट्यांसमोर उभी राहून ते पत्र तीनदा वाचलं. त्या भिकार खेड्यात एका बाईला माझी कूस आठवत होती, आणि तिला माझ्याकडून काहीच नको होतं.

त्याच संध्याकाळी शंतनूचा फोन आला, जेवायला ये, मोठी न्यूज आहे. मी पाकीट पर्समध्ये घातलं. गाडीत मनाशी ठरवलं की दाखला देण्याआधी आज विचारायचंच. हे पाकीट आलंच नसतं, नोंद सापडलीच नसती, तर तू काय केलं असतंस? उत्तर बरोबर आलं तर तिथल्या तिथे पाकीट त्याच्या हातात द्यायचं. चुकलं तर, ते ठरवायची माझी तयारी नव्हती.

मला विचारावं लागलं नाही. दार उघडतानाच तो उड्या मारत होता. सरकारचा नवा तक्ता आला होता आणि जुलैमध्ये सगळ्यांची रांग एकदम खुली होणार होती. भारतवाल्यांची सुद्धा. नंबर कितीही मागचा असो, अर्ज भरा.

"सगळ्या डेट्स करंट झाल्या, विश्वास बसतो का तुझा? आता तुझा तो ऑस्ट्रियाचा कागद आला नाही तरी नो टेन्शन."

"म्हणजे?"

"म्हणजे आता गरजच नाही त्याची," तो म्हणाला, अगदी आनंदानं, मलाही आनंद होईल अशा खात्रीनं.

काकूंनी श्रीखंड केलं होतं. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "आता ऑगस्टची घाई नको बाई. डिसेंबरकडे बघू निवांत. आणि हो, परवा मी तुझी पत्रिका पुण्याला आमच्या गुरुजींना पुन्हा दाखवली. ते म्हणाले, मंगळ जरा कडक आहे."

मंगळ परत आला होता. रांग उघडली त्याच आठवड्यात. मी शंतनूकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता.

"संजीव आणि नीला तर पुढच्याच आठवड्यात कोर्टात लग्न करतायत," मी म्हटलं. ते आमच्या ऑफिसमधले दोघं. "म्हणजे दोघांचा अर्ज एकदम जाईल म्हणून."

"हो, त्यांचं ठीक आहे," शंतनू म्हणाला. "मी आधी माझं फाइल करून घेतो ना. सिंगल असलं की पेपर्स सोपे पडतात. मग बघू आपलं."

मी दोनदा श्रीखंड घेतलं. चांगलं झालं होतं, केशर मापात पडलं होतं. काकूंना तसं सांगितलं, पर्स उचलली आणि निघाले. कॅल्ट्रेनच्या रेल्वे फाटकाशी माझी गाडी थांबली तेव्हा मी रडायला लागले आणि ट्रेन निघून गेली, फाटक वर गेलं, तरी रडतच होते. मागच्या माणसानं हॉर्न वाजवला. मला शंतनूचा राग आला नव्हता, तो नंतर आला. आधी स्वतःचीच कीव आली. तक्ते वाचणाऱ्या लोकांना मी इतकी वर्षं नावं ठेवली, आणि मी स्वतः काय केलं होतं? एका वाटीभर मऊ भाताचा तक्ता करून त्यात माझी तारीख शोधत बसले होते.

डिसेंबर आला आणि गेला. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही, नुसते फोन कमी झाले आणि मग बंद झाले. काकू पुण्याला जाऊन पंचविशीतल्या मुली बघायला लागल्या, असं इशितानं सांगितलं. त्याआधी जुलैत तर अजून तमाशा झाला होता. सरकारनं आधी रांग बंद केली, मग आपल्या मंडळींनी निषेध म्हणून, गांधीगिरी करत, सरकारी ऑफिसला फुलांचे गुच्छ पाठवले, मग रांग पुन्हा उघडली. शंतनूनं अर्ज भरला, पावती आली, त्यानं पार्टी दिली. अर्ज घेतला म्हणजे कार्ड दिलं असं नव्हे, एवढं साधं या हुशार लोकांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. पार्टीला मला बोलावणं नव्हतं.

मी होफरबाईंना पत्र लिहिलं. उजव्या कुशीवरच, असं लिहिलं, आणि फोटो पाठवला. त्यांचं उत्तर कारकूनबाई इंग्रजी करून पाठवायची. त्या गोडबोल्या होत्या असं म्हणवत नाही. आईनं त्यांच्या रश्शात मिरची टाकून तो नासवला होता, ती तक्रार त्यांनी चौतीस वर्षांनी केली. माझ्या नवऱ्याबद्दल विचारलं. दोन वेळा जमलं नाही असं लिहिल्यावर त्यांनी कळवलं की त्यांच्या गावातले पुरुषही काही खास नाहीत. मी विचारलं, त्या दगडावरचे चार होफर कोण? नवरा, दीर आणि दोन भाऊ; चुलत घरातच दिली होती त्यांना, म्हणून माहेरही होफरच. कुठल्या बाजूनं लढले ते तुला ठाऊक आहे, आम्ही इथे बोलत नाही, पण तू विचारलंस म्हणून सांगितलं. वेबसाइटवर नसलेली सात वर्षं मला दोन ओळींत मिळाली. हिवाळ्यात लोकरीचे मोजे आले, एक जरा मोठा, एक लहान. डोळे अधू झाल्यावर विणलेले.

त्याच सुमारास माझ्या कंपनीनं माझा अर्ज भरला. योहाना म्हणजेच नीलांबरी, असं आईबाबांनी सांगलीच्या कोर्टात शपथेवर लिहून दिलं, पासपोर्टवरची सांगली गेली. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये माझं कार्ड आलं.

डिसेंबरात शंतनूचा फोन आला. सगळीकडे लेऑफ चालले होते. त्याचा अर्ज जुलैच्या त्या जत्रेत सापडला होता आणि रांग परत २००१ वर जाऊन रुतली होती. आहे ती नोकरी गेली तर बोऱ्या-बिस्तरा गुंडाळायचा. शनिवारी दुपारी तो पुण्याहून आलेली बाकरवडी घेऊन आला. केस थोडे कमी झाले होते. मी चहा ठेवला.

"खूपदा वाटलं फोन करावा," तो म्हणाला. "आईचं ते मंगळाचं वगैरे, मी कधी मानलं नाही, तुला माहितीये."

"हो."

"मला वाटतं आपण उगाच घालवलं. मार्चमध्ये साधं कोर्टात करूया?" मग हसला, ते चांगलं हसू. "अजून सगळं पाठ आहे मला. आठशे चाळीस मीटर. लोकसंख्या सहाशे चौदा."

"सहाशे तेरा."

"नाही, वेबसाइटवर चौदा आहे."

"योहाना होफर गेल्या महिन्यात गेल्या," मी म्हटलं. "ब्याण्णव वर्षांच्या होत्या. मला त्यांनीच बाहेर काढलं होतं. माझं नाव त्यांचं आहे."

त्यानं चेहरा गंभीर केला. चहाच्या एका घोटाइतका वेळ तो तसा ठेवला.

"सो सॉरी," तो म्हणाला. "पण ते सर्टिफिकेट, ते आलं का शेवटी?"

"आलं ना."

"कधी?"

"मागच्या वर्षी जूनमध्ये. तू सगळ्या डेट्स करंट झाल्या म्हणून जेवायला बोलावलंस, त्या दिवशी पर्समध्येच होतं. तुला एक प्रश्न विचारून देणार होते. तेवढ्यात श्रीखंड वाढलं."

इंजिनिअर तो. त्याच्या डोळ्यांत हिशेब होताना मला दिसला: जून, ऑगस्ट, लग्न, रिकामी रांग. आत्तापर्यंत कार्ड हातात असतं. मला वाटलं होतं हे बघताना मजा येईल. फारशी आली नाही.

"मग अजूनही..." तो म्हणाला.

"अजून काही नाही. माझं कार्ड आलं ऑक्टोबरमध्ये. एकदा ते आलं की नंतरच्या नवऱ्याला त्या रांगेतून ओढता येत नाही, वकिलाला विचार. ओबरफेल्सन संपलं. आता माझ्याकडे मंगळ तेवढा शिल्लक आहे, हवा असेल तर काकूंना फोन कर."

त्यानं चहा संपवला, कप स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवला आणि खाली जाऊन गाडीत बराच वेळ फोनवर बोलत बसला. तो गेल्यावर मी बाकरवडी खाल्ली, पायात ते कमीजास्त मोजे चढवले आणि आडवी झाले, उजव्या कुशीवर.